दहा घरांची सांदवाडी: गावात सामाईक भाजीवाडी कशी करावी

पहिल्या वर्षी आम्ही दहाही घरांनी एकाच दिवशी पालक पेरला. पाऊस उघडला होता, जमीन वाफशावर आली होती, कुणीतरी बाजारातून किलोभर बी आणलं होतं, मग काय! महिन्याभरात दहाच्या दहा वाफे एकदम कापायला आले. चार दिवस पालकभाजी झाली, मग भजे झाले, मग शेजारीपाजारी वाटप सुरू झालं. शेवटी तर आमच्या हातातली टोपली दिसली की समोरच्या काकू दार लोटून घ्यायच्या. उरलेला पालक बकऱ्यांनी खाल्ला. आणि त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाही घरी स्वतःची भेंडी नव्हती की वांगं नव्हतं.

म्हणून खत-पाण्याच्या आधी हे सांगते: कोण काय पेरणार आणि कोणत्या आठवड्यात पेरणार, हे आधी एकत्र बसून ठरवा. वही घेऊन बसा.

सांदवाडी आपल्याकडे जुनीच. घरामागं दोन वांग्याची झाडं, कुडावर पोपटाचा (वालाचा) वेल, मोरीच्या पाण्यावर अळू. पण गावठाणातली घरं वाटण्यांमध्ये लहान झाली, मागची जागा खोल्यांत गेली आणि आता वावर असलेल्या घरातही कपाशी-सोयाबीनच्या पैशातून सांबार (कोथिंबीर) विकत आणतात. विलायतेत भाजीसाठी असे तुकडे भाड्यानं देण्याची जुनी पद्धत आहे, त्याला अलॉटमेंट म्हणतात. तिथला ठरलेला पूर्ण तुकडा १० रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. आपल्याला एवढं लागत नाही. पावसाळ्यात हातानं निंदण करून पाहा, मग कळेल का ते.

जागा आणि कागद

दहा घरांना ५ गुंठे पुरतात. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. प्रत्येकाला १५ बाय ३० फुटांचा तुकडा दिला तरी पायवाटांना आणि खताच्या खड्ड्याला जागा उरते. जागा गावाला लागून घ्या. लांबच्या वावरात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर एका रात्रीत सगळं आटोपतात. दिवसभर ऊन हवं, जवळ विहीर किंवा बोअर हवी.

जमीन खासगी असेल तर मक्ता ठरवा आणि साध्या कागदावर का होईना, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या. आम्ही मालकाला पैसे देत नाही, आठवड्याला एक टोपली भाजी देतो. मोटारीचं वीजबिल दहा जणांत वाटून घेतो. तोंडी ठरलेली गोष्ट पहिली दोन वर्षं छान चालते. जमिनीला चांगलं रूप आलं की मालकाच्या पोराला तिथंच प्लॉट पाडावेसे वाटतात, तेव्हा कागद कामी येतो.

तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटा. विहिरीजवळचा तुकडा सगळ्यांनाच हवा असतो. दरवर्षी तुकडे बदलावेत असं काहींचं म्हणणं असतं, मला ते पटत नाही. ज्यानं तीन वर्षं शेणखत घालून माती भुसभुशीत केली, त्यानं ती दुसऱ्याच्या हातात का द्यावी? बदलायचं ते पीक. वांगी, टमाटे (आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला भेदरं म्हणतात) आणि मिरची एकाच कुळातली आहेत. त्यांच्या जागेवर पुढच्या हंगामात बरबटी (चवळीच्या शेंगा) किंवा मेथी घ्या, नाहीतर मातीतला मर रोग तिथंच मुक्काम करतो.

कुंपणाला तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या) असतातच. मधून बोरीच्या काट्या घातल्या की बकऱ्या थांबतात. वानेरांना कुंपण म्हणजे झोका. कारलं आणि मिरची ते सहसा सोडतात, म्हणून त्या बाहेरच्या अंगाला लावल्या. तरी राखण लागतेच. आमच्यातल्या एका आबाजींनी गोफण हातात घेऊन ते काम स्वतःकडे घेतलं. सगळ्या भाज्यांतला त्यांचा वाटा घरपोच जातो.

मे: माती तापू द्या

आपली काळी कन्हार माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते. भाजीला दोन्ही नको असतं. मेमध्ये फूटभर खोल खणून ढेकळं उन्हात उलटी पडू द्या. त्यातले किडींचे कोष आणि हरळीच्या काशा उन्हानं मरतात, बाकीच्या काशा हातानं वेचा.

तुकड्याला सात-आठ घमेली कुजलेलं शेणखत लागतं. कुजलं की नाही हे हातात घेऊन पाहा: गार लागलं पाहिजे, शेणाचा वास गेला पाहिजे. उकंड्यावरून कच्चं आणून टाकलं की त्याच्यासोबत हुमणी येते आणि ऑगस्टमध्ये उभी झाडं मुळातून कुरतडते.

पावसाळ्यासाठी वाफे वीतभर उंच करा, रुंदी तीन फूट. म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की ती विटेसारखी बसते.

सोळा भाज्यांचा उलटा हिशोब

पावसाळ्याचं नियोजन आम्ही महालक्ष्म्यांवरून (गौरींच्या सणावरून) करतो. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि भाद्रपदात त्या बाजारात घ्यायच्या म्हणजे पावशेर-पावशेर करत हातातली नोट संपते. सोळा भाज्या एका घराला पिकवणं कठीण, दहा घरांना सोपं. नियम एवढाच: प्रत्येकानं आपल्या तुकड्यातला एक वाफा वाडीच्या नावानं ठेवायचा आणि त्यात नेमून दिलेलं पीक घ्यायचं. उरलेल्या वाफ्यांत ज्याचा तो मालक.

आता सणापासून मागं मोजा. भेंडीला ४५ ते ५० दिवस, काकडीला जवळपास तेवढेच, दोडकं, कारलं, बरबटी यांना दोन महिने. ही सगळी जूनच्या शेवटी पेरली तरी साधतात. कोहळ्याला तीन महिने हवेत, ते पहिल्या पावसावरच टाका. अंबाडी पालेभाजी म्हणून महिन्या-सव्वा महिन्यात खुडायला येते. घोटाळा होतो वांग्यात. जूनमध्ये रोपासाठी बी टाकलं तर लावणी जुलैच्या मध्यात आणि वांगी दसऱ्याच्या तोंडावर. महालक्ष्म्यांना घरचं वांगं हवं तर रोप मेच्या पहिल्या आठवड्यात, सावलीत, रोज पाणी देऊन वाढवावं लागतं. सण कधी ऑगस्टअखेर येतो, कधी सप्टेंबरच्या मध्यावर जातो, म्हणून दिनदर्शिका पाहून वहीत तारखा मांडा.

रोपवाटिका एकच करा, सगळ्यांची मिळून. १० ग्रॅमचं एक पाकीट दहा घरांना पुरून उरतं. चार बोटांवर रेघा ओढून बी अर्ध्या पेरावर टाका, वरून चाळलेलं खत भुरभुरवा आणि उगवेपर्यंत वाळलं गवत अंथरा. उगवल्यावर गवत त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला तर रोपं पांढरी, लांबुळकी होतात आणि मान टाकतात. बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर) चोळला तर मर कमी होते. बी जुनं असेल तर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चौदाच्या खाली उगवले तर ते बी सोडून द्या.

मृग लागला म्हणून लगेच धावू नका. एका सरीनं वरची दोन बोटं ओली होतात, खाली तवा तापलेलाच असतो. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस पडून ओल खाली उतरली की बी टाका. भेंडीचं बी रात्रभर भिजवून. वांग्याची लावणी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, दोन झाडांत दोन फूट, दोन ओळींत अडीच फूट. एका घराला आठ झाडं बस झाली. आमच्या एका वहिनींनी पंचवीस लावली होती, त्यांच्या घरच्या लोकांना अजून वांगं म्हटलं की भरून येतं.

एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. पोपट, म्हणजे वाल, पावसाळ्यात लावला की नुसता वेल सुटतो. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, फूल नाही. दोघांनी वैतागून उपटून टाकला होता. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय त्याला फूल धरत नाही. थंडीत मग शेंगांनी मांडव वाकतो. थांबा.

किडींचं थोडक्यात: वांग्याचा शेंडा सुकून लोंबला तर आत अळी आहे, तो शेंडा खुडून जाळा, धुऱ्यावर (बांधावर) फेकू नका. भेंडीची पानं पिवळ्या जाळीची झाली तर झाड उपटा, तो रोग पांढरी माशी पसरवते आणि त्याला औषध नाही. एरवी आठ-दहा दिवसांनी निंबोळीचा अर्क पुरतो: लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी फवारायचं. मात्र दहाही तुकड्यांत एकाच दिवशी. एकानं टाळलं की किडी त्याच्याकडे पाहुण्या जातात आणि चार दिवसांनी परत येतात.

हिवाळा: पालकाचा धडा

दसऱ्यानंतर वाफे सपाट करा. आता पाणी निघून जाण्याची काळजी नाही, टिकवायचं आहे. मेथी, पालक, सांबार, मुळा, लसूण, वाटाणा, सगळं याच दिवसांतलं. इथं आमचा नियम असा: पालेभाजीचा वाफा एकदम पेरायचा नाही. तीन भाग करायचे आणि दहा-बारा दिवसांच्या अंतरानं एकेक टाकायचा. पहिल्या आठवड्यात घरं एक ते तीन, पुढच्यात चार ते सहा, असं. मेथी तीन-चार आठवड्यांत येते, मुळा सहा आठवड्यांत. वहीत पाहिलं की कळतं पुढच्या सोमवारी कोणाकडं मेथी मागायला जायचं.

सांबार ऑक्टोबरच्या उन्हात पेरून फसू नका. गारवा पडू द्या. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, तरी पाणी सोडू नका. सांबारवडी करायची तर एका घराच्या सांबारानं भागत नाही. टोपलंभर लागतो आणि तळल्यावर मूठभर होतो.

पाण्याची पाळी लिहून भिंतीवर लावा. आमची खरी भांडणं पाण्यावरूनच झाली. लाइन रात्री येते, मोटार कोण सुरू करणार, कुणाचा वाफा फुटून पाणी वाटेनं गेलं. एकदा दोन मावश्या दीड महिना बोलल्या नाहीत आणि पाळी बदलल्याचा निरोप माझ्या लेकीमार्फत पाठवायच्या: "तुह्या मावशीले सांग, आज माही पाळी हाय." तेव्हापासून पाळी अदलाबदल करायची तर वहीत दोघींची सही, म्हणजे वहीपाशी तरी भेट होते.

माघात एक दिवस वाडीतच रोडग्यांचा स्वयंपाक करतो. प्रत्येक घराची चार-पाच वांगी, लसणाची पात, सांबार. बायका भरडसर कणकेत मीठ, ओवा, तेल घालून घट्ट मळतात. लहान पोळीवर मोठी असे थर देऊन गोळा बांधतात. गोवऱ्यांचा जगरा (निखारे) पडला की गोळे त्यात पुरायचे. ते भाजताना वर हलकी राख उडत राहते आणि पुरुषमंडळी काडीनं उलथत बसतात, त्यांचं तेवढंच काम. रोडगा काढून फडक्यावर आपटला की राख झडते, मग दाबून फोडायचा आणि त्यावर तूप. पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण सोडणार, हिशोबात कुणाचे किती बाकी, ही बोलणी त्याच दिवशी जेवणानंतर करतो. रिकाम्या पोटी केलेली हीच बैठक एकदा अर्ध्यावर मोडली होती.

उन्हाळा: निम्मी वाडी

फेब्रुवारीनंतर सगळे तुकडे चालवायचा हट्ट सोडा. विहिरीजवळचे निम्मे तुकडे चालू ठेवून तिथं काकडी, ढेमसं, गवार, लौकी (दुधी) सगळ्यांनी मिळून घ्या. वेलांसाठी कच्चा, झिरपणारा माठ गळ्यापर्यंत मातीत पुरा, भोवती चार बिया लावा, तोंड झाका आणि दोन-तीन दिवसांनी भरत राहा. मुळं त्याच्याकडे ओढली जातात. बाकी मातीवर सोयाबीनचं कुटार (भुसा) नाहीतर गवत चार बोटं अंथरा. भेगा पडत नाहीत.

बियाणं याच काळात धरा. गावरान वांग्याचं एक चांगलं झाड राखून त्यावरची दोन फळं पिवळी पडू द्या. भेंडीच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. बी धुऊन, सावलीत सुकवून, राख लावून पुड्या बांधा आणि पुडीवर वर्ष लिहा. हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी काय उगवेल ते त्यालाच माहीत. पुड्या आम्ही एका बरणीत ठेवतो आणि ती बरणी दरवर्षी नव्या घरी जाते. यंदा ती आमच्याकडे आहे. कोहळ्याच्या पुडीवर कुणी तरी वर्ष लिहायचं विसरलंय, म्हणून वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवलेत.