आऊटबोर्ड मशीन तापतंय? आधी पाण्याची वाट शोधा

होडीमागचं आऊटबोर्ड मशीन तापू लागलं की किनाऱ्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘इम्पेलर बदल’, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चाक. दुसरा, ‘थर्मोस्टॅट काढूनच टाक’, म्हणजे ताप वाढल्यावर उघडणारी पाण्याची झडप. पहिला बऱ्याचदा बरोबर निघतो, दुसरा जवळजवळ कधीच नाही. पण दोन्ही सल्ले मशीनकडे न बघता दिलेले असतात, आणि त्यात पैसेही जातात, मोसमातले दिवसही जातात.

या मशीनला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. समुद्राचं किंवा खाडीचं पाणीच त्याला थंड ठेवतं. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या बाजूला, पायावर म्हणजे मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागावर असलेल्या जाळीतून पाणी आत येतं. तिथला रबरी इम्पेलर ते उभ्या नळीतून वर ढकलतो, ते ब्लॉक (इंजिनचं मुख्य अंग) आणि हेड (सिलिंडरच्या टोकाचा भाग) यांच्याभोवतीच्या पोकळीतून फिरतं, थर्मोस्टॅटमधून बाहेर पडतं आणि धुराबरोबर पुन्हा खाली जातं. मशीन तापतंय म्हणजे बहुतेक वेळा या वाटेवर पाणी कुठेतरी अडलेलं असतं. ते कुठे अडलंय हे आधी ठरवा, पाना नंतर हातात घ्या.

समुद्रात असताना

बझर वाजला की लगेच रेस कमी करा, न्यूट्रलला घ्या आणि मशीनच्या मागच्या छोट्या भोकातून पडणारी पाण्याची धार बघा. लहान आणि जुन्या मशीनना बझर नसतो. तिथे जोर अचानक कमी होणं, रंग जळल्याचा वास आणि झाकणाखालून येणारी वाफ हीच सूचना. धार चालू असेल आणि एक-दोन मिनिटांत बझर थांबला, तर हळू रेसवर किनारा गाठा. धार नसेल तर मशीन बंद करा. बंद करण्याआधी वारा आणि प्रवाह होडीला कुठे नेतोय ते पाहून नांगर हाताशी ठेवा. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत, तिथे मशीनपेक्षा होडीची काळजी आधी.

आता पाय वर उचला आणि जाळीवर काय चिकटलंय ते पाहा. प्लॅस्टिकची पिशवी, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, शेवाळ. ते काढल्यावर पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. मशीन अर्धा तास तरी निवू द्या. तापलेल्या हेडवर बादलीने पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड अचानक थंड पडलं की वाकू शकतं, आणि मग वीस रुपयांच्या पिशवीने झालेला बिघाड हेड गास्केटपर्यंत, म्हणजे हेडचा सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीपर्यंत, जातो. पुन्हा चालू करण्याआधी स्टार्टरची दोरी हाताने हळू ओढून बघा. जड लागली किंवा अडली, तर जबरदस्ती न करता दुसऱ्या होडीकडून ओढून न्या.

नेमकं कधी तापतं?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट दिलंत तर अर्धं निदान झालं. पुढच्या वेळी खलाशाला सांगून हे मुद्दाम बघून ठेवा.

मंद रेसवर तापतं, पण वेग घेतला की थंड होतं: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याची शंका घ्या. मोठ्या मशीनमध्ये पाण्याचा दाब वाढला की उघडणारी आणखी एक झडप असते. वेगात ती उघडते आणि पाण्याला दुसरा रस्ता मिळतो, म्हणून ताप उतरतो. इम्पेलर झिजला असेल तरी असंच दिसतं, कारण मंद फेऱ्यांत त्याच्या पात्यांत पाणी उचलण्याएवढी ताकद उरलेली नसते. दोन्हींतला फरक पुढे धारेवरून कळेल.

मंद रेसवर ठीक, पण जोरात पळवलं की तापतं: जाळी अर्धवट तुंबली असेल, इम्पेलर थकला असेल, दाबाची झडप उघडत नसेल, नाहीतर मशीन फार उंच बसवलं असेल. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली असायला हवी. लांब पायाच्या मशीनसाठी बांधलेल्या होडीला आखूड पायाचं मशीन लावलं, किंवा ट्रिम (मशीनचा तिरकेपणा) फार वर घेतला, तर जाळी पाणी सोडून हवा ओढते.

गाळातून, उथळ खाडीतून आल्यापासून तापतं: सरळ जाळी आणि पंप. मालवणजवळच्या कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाय वाळूत घासत चालवणाऱ्यांचे इम्पेलर लवकर संपतात, ते याचमुळे.

धार बघा, पण तिच्यावर विसंबू नका

मागच्या छोट्या भोकातून येणारी पाण्याची धार म्हणजे पंप चालतोय एवढीच खूण. बऱ्याच मशीनमध्ये ती धार थर्मोस्टॅटच्या आधीच बाहेर काढलेली असते. म्हणून थर्मोस्टॅट चिकटला तरी धार छान जोरदार, गार पडत राहते आणि वर हेड भाजत असतं. ‘धार चांगली आहे, म्हणजे मशीन तापत नाही’ या समजुतीने कितीतरी मशीन गेली आहेत.

उलटही होतं. धार बंद, पण मशीन थंड. तेव्हा भोकच बुजलेलं असतं. मशीन दोन महिने उभं असेल तर कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर बांधते. मिठाचा खडाही बसतो. जाड नायलॉनच्या गळाच्या दोरीचा तुकडा बाहेरून आत सरकवून हळू फिरवा. धार मोकळी झाली तर बरंच, नाही झाली तर पंपाकडे जा.

धारेला बोट लावून बघा. मशीन गरम झाल्यावर ती कोमट असावी. कढत पाणी किंवा वाफेचे फुसके येत असतील तर पाणी कमी पडतंय.

तापमान मोजा

अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. इथे तो सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून हेडवर थर्मोस्टॅटच्या घराजवळ काळ्या मॅट रंगाचा ठिपका करा आणि दर वेळी तिथेच मोजा. झाकण काढून मोजताना फिरणाऱ्या फ्लायव्हीलपासून आणि प्लगच्या वायरपासून हात व बाही लांब ठेवा.

बहुतेक आऊटबोर्डमध्ये थर्मोस्टॅट ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो. हेड त्याच्या थोडं वर स्थिरावलं तर काळजी नाही. आकडा चढतच राहिला आणि ९० च्या पुढे गेला तर मशीन बंद. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचा आकडा वेगळा मोजा. एकच गरम असेल तर त्याच्या भोवतीची पाण्याची वाट तुंबलीय किंवा तिथली गास्केट गेलीय. आकडा व्यवस्थित आहे आणि बझर मात्र वाजतोच आहे, असं असेल तर ऑइल कमी आहे का ते बघा, मग सेन्सर आणि त्याची वायर. काही मशीनमध्ये तापाला आणि कमी ऑइलला तोच बझर वाजतो.

इम्पेलर

पाय खाली उतरवण्याचं काम दिसतं तेवढं अवघड नाही, पण घाईचं नाही. प्लगच्या वायर काढा, गिअरचा दांडा सोडवा आणि मग बोल्ट. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेले बोल्ट चिकटलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. जोर लावून बोल्टाचं डोकं तोडलंत तर पुढचा खर्च इम्पेलरच्या कित्येक पट आहे.

पंपाचं घर उघडल्यावर इम्पेलर हातात घ्या आणि पाती बोटाने वाकवून सोडा. चांगलं पातं लगेच सरळ होतं. एकाच बाजूला मुडपून राहिलं, मुळाशी बारीक भेगा दिसल्या, टोकं गुळगुळीत चमकू लागली, तर तो गेला. एखादं पातं किंवा तुकडा कमी असेल तर नवीन बसवून मोकळे होऊ नका. तो तुकडा वर नळीत किंवा ब्लॉकमध्ये गेलाय, आणि पाणी अडवत तिथेच बसणार आहे. तो शोधून काढा, मगच पुढे जा. पंपाच्या घराची आतली स्टीलची वाटी आणि खालची पट्टीही नखाने तपासा. वाळूने ओरखडे खोल पडले असतील तर नवा इम्पेलरही दाब धरणार नाही, पूर्ण संच बदला.

नवीन बसवताना वाटीत साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत दाबा. शाफ्टमधली छोटी चावी (इम्पेलर शाफ्टला अडकवणारा धातूचा तुकडा) खाली पडली तर इम्पेलर फिरणारच नाही, तिच्यावर नजर ठेवा. पाय वर चढवताना उभी नळी तिच्या रबरी तोंडात नीट बसली का ते बॅटरी मारून पाहा. तिथून गळती राहिली की नव्या पंपानेही मशीन तापतं.

वर्षातून एकदा पंप उघडून बघणं शहाणपणाचं. पावसाळ्यातली मासेमारी बंदी त्यासाठी सोयीची आहे. आणि मशीन कोरडं, काही सेकंदही, चालवू नका. पाण्याशिवाय रबर घासून जळतं.

थर्मोस्टॅट

तो काढा, मीठ घासून स्वच्छ करा आणि पातेल्यात उकळून तपासा. पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. थर्मोस्टॅटच्या झडपेत बारीक दोरा अडकवून तो पाण्यात लोंबकळत ठेवा, बाजूला थर्मामीटर. तळाला टेकू देऊ नका. पाणी हळूहळू तापवा. झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा त्याच्यावर कोरलेल्या आकड्याशी जुळवून पाहा. पाणी उकळलं तरी पडला नाही, तर तो निकामी आहे. पडला तरी थंड झाल्यावर झडप पूर्ण मिटते का तेही बघा.

काढून टाकून चालवणं का नको? इंजिन मग कायम थंड राहतं. इंधन नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, आणि फोर स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. आजचा ताप उतरतो खरा, पण बेअरिंग आणि सिलिंडर झिजत राहतात.

आतलं मीठ

पंप नवा, थर्मोस्टॅट चांगला, तरी तापतंय? मग ब्लॉकच्या पोकळीत मीठ आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साठली असणार. थर्मोस्टॅटच्या घराच्या आत बघितलंत की थर दिसतोच. रोज गोड्या पाण्याने न धुतलेल्या मशीनमध्ये हा थर दगडासारखा होतो.

प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात, पंप पूर्ण बुडेल एवढं गोडं पाणी घ्या. पंखा काढून न्यूट्रलमध्ये, उघड्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय हेडभोवती पाणी नीट फिरत नाही, म्हणून दोन मिनिटांचं धुणं उपयोगाचं नाही. हट्टी थरासाठी व्हिनेगरचं पाणी फिरवून तसंच मुरू द्या आणि मग भरपूर गोडं पाणी. फरशी धुण्याचं ॲसिड अजिबात वापरू नका, ते मिठाआधी ॲल्युमिनियम खातं.

पाणी ठीक असेल तर

टू स्ट्रोकमध्ये ऑइलचं प्रमाण पाहा. मशीनच्या पुस्तकात ५० ला १ दिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचं प्रमाण वेगळं असतं, तिथे त्याच्याच पुस्तकाप्रमाणे चला. कार्ब्युरेटर तुंबला की हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो. प्लग काढून बघा: एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय, म्हणजे हेड गास्केट. कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यापेक्षा बराच कमी आला तर इथून पुढचं काम अनुभवी मेकॅनिकचं आहे, हेड घरी उघडू नका.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी किनाऱ्याजवळच मारा. दहा मिनिटं मंद रेस, मग अर्धी, मग पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच काळ्या ठिपक्यावर तापमान. आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मशीन दहा अंश जास्त तापू लागलं, तर बझर वाजायच्या आधीच ते तुम्हाला दिसेल.