गुळातलं फिनॉल मोजताय? या चुका टाळा

उसाचा हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात एक प्रोजेक्ट हमखास निघतो: गुळातले फिनॉलिक घटक (कार्बनच्या वलयाला हायड्रॉक्सिल गट जोडलेली संयुगं, म्हणजेच फिनॉलं) आणि त्यांचे परिणाम. विषय चांगलाच आहे. माल दारात मिळतो, रसायनं परवडतात, रंगाची तीव्रता मोजणारा कलरीमीटर बहुतेक ठिकाणी असतो. पण फाइलीत शेवटी जो आकडा येतो तो फिनॉलचाच असतो असं नाही, आणि 'परिणाम' म्हणून जे लिहिलं जातं ते तर पुष्कळदा भलत्याच कशाचं तरी असतं. गुऱ्हाळापर्यंत जाऊन नमुने गोळा करणाऱ्या मुलांची मेहनत अशी वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी गफलत फोलिन-चिओकाल्टू रिएजंटपाशी, म्हणजे फिनॉल मोजायला नमुन्यात घालतात त्या रसायनापाशी होते. हा रिएजंट १९२७ साली आला तो प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी. वाइनमधली फिनॉलं मोजायची त्याची आज वापरात असलेली पद्धत सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५ मध्ये बसवली. पिवळ्या रिएजंटमधलं मॉलिब्डेनम-टंगस्टनचं संयुग अल्कली माध्यमात इलेक्ट्रॉन घेतं आणि निळं होतं. ते इलेक्ट्रॉन कोणी दिले, हे रिएजंटला कळत नाही. फिनॉल देतं, तसं व्हिटॅमिन सी देतं, सल्फाइट देतं, फेरस लोह देतं, आणि साखर भरपूर असेल तर ग्लुकोज-फ्रुक्टोजही देतात.

आता गुळाकडे बघा. गुळाचा बहुतांश भाग साखरच. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहेत. काहिलीत रस आटताना साखर आणि अमिनो आम्लं मिळून जे तपकिरी पदार्थ तयार होतात, तेही फोलिनला निळं करतात. काहील लोखंडी असेल तर थोडं लोह उतरलेलं असतं. आणि पिवळाधमक दिसावा म्हणून रसात हायड्रॉस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकली असेल तर गुळात सल्फाइट उरतं. म्हणून 'पिवळ्या गुळात फिनॉल जास्त निघालं' असा निष्कर्ष दिसला की मी आधी नमुन्याची पाटी उलटून बघतो: गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा, रस कशाने साफ केला? रानभेंडीच्या चिकाने की पावडरीने? हे लिहिलेलं नसेल तर त्या तुलनेला अर्थ नाही. रस निवळताना मळीबरोबर काही फिनॉलं निघून जातात आणि उरलेलं सल्फाइट आकडा वर चढवतं. दोन्ही गोष्टी उलट्या दिशेने ओढतात आणि तुमच्या हाती फक्त त्यांची बेरीज लागते. गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्याला नीट विचारा, 'मामा, रसात काय काय घातलं?' हा प्रश्न वहीत पहिल्या पानावर हवा.

यावर स्वस्त उपाय आहे. तुमच्या गुळाच्या द्रावणात जेवढी साखर आहे तेवढीच साखर, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पाण्यात विरघळवून नकली नमुना करा आणि त्यालाही फोलिन लावा. त्यात फिनॉल नाही, तरी जेवढा निळा रंग येईल तेवढा साखरेचा. हा एक कंट्रोल ठेवला तरी निम्मे गैरसमज मिटतील. जमलं तर पुढची पायरी घ्या: द्रावण आम्लधर्मी करून सी-१८ कार्ट्रिजमधून (पाण्याशी कमी मैत्री असलेली संयुगं अडकवणारी छोटी नळी) सोडा. साखर, सल्फाइट, लोह पाण्याबरोबर निघून जातात, फेरुलिक आणि कुमॅरिकसारखी उसातली फिनॉलिक आम्लं अडकून राहतात, ती मेथॅनॉलने उतरवून मोजा. मात्र गॅलिक ॲसिडसारखी पाण्याशी फार मैत्री असलेली संयुगं सी-१८ वर नीट थांबत नाहीत, म्हणून धुतलेलं पाणीही फेकू नका, तपासा.

काही जण गाळणीसाठी पीव्हीपीपी, म्हणजे फिनॉलं धरून ठेवणारी न विरघळणारी पावडर, वापरतात आणि 'आधीचं रीडिंग वजा नंतरचं रीडिंग म्हणजे फिनॉल' असं धरतात. मोठ्या टॅनिनांसाठी ते बरं आहे. एकाच वलयाची साधी फिनॉलं ते तितकी धरून ठेवत नाही, म्हणजे नेमकं जे शोधताय तेच निसटतं.

हातातल्या कामाच्या चुकाही बघू. रिएजंट हिरवट झाला असेल तर तो बाटलीतच थोडा क्षपित झालाय, म्हणजे त्याने आधीच इलेक्ट्रॉन घेतलेत. टाकून द्या, पिवळाच वापरा. सोडियम कार्बोनेट आधी घालून मग रिएजंट घातला तर अल्कलीत रिएजंट फिनॉलला भेटण्याआधीच मोडायला लागतो. आधी नमुना, मग रिएजंट, आणि साधारण आठ मिनिटांच्या आत कार्बोनेट, हा क्रम मोडू नका. नळीत पांढरा गढूळपणा आला तर बहुधा नमुन्यात मेथॅनॉल किंवा ॲसिटोन जास्त आहे, किंवा कार्बोनेट फार तीव्र आहे. अशी नळी थेट कलरीमीटरात घालू नका, गढूळपणा प्रकाश अडवतो आणि तोही फिनॉल म्हणून मोजला जातो. सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर पातळ करून पुन्हा लावा. शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) एकच्या पुढे गेला तरीही पातळच करा, प्रमाण-रेषा (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेली रेषा) वर ताणू नका.

तापमानाचं तर बेळगावात विशेष भान हवं. डिसेंबरच्या सकाळी टेबलावरची नळी आणि एप्रिलच्या दुपारची नळी सारख्या वेगाने निळ्या होत नाहीत. दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवायची पद्धत घेतलीत तर वॉटर बाथवर एकच तापमान धरा आणि ते लिहा. वेळ वाचवायला नळ्या जास्त तापवायचा मोह होतो, पण गुळासारख्या गोड नमुन्यात उष्णतेने साखरेचा हस्तक्षेप वाढतो. इथे घाई करू नका.

प्रमाण-द्रावणासाठी घेता त्या गॅलिक ॲसिडची बाटली एकदा नीट वाचा. निर्जल गॅलिक ॲसिडचा रेणूभार १७०.१२, मोनोहायड्रेटचा १८८.१४. बाटली मोनोहायड्रेटची आणि हिशेब निर्जलचा, असं झालं की तुमचं प्रमाण-द्रावण समजता त्यापेक्षा जवळपास १० टक्के पातळ असतं आणि प्रत्येक नमुन्याचा आकडा तेवढा फुगतो. आणि उत्तर लिहिताना 'गॅलिक ॲसिडच्या तुल्य' हे शब्द गाळू नका. गॅलिक ॲसिडच्या वलयावर तीन हायड्रॉक्सिल गट आहेत, साध्या फिनॉलवर एक. दोघांचा रंग सारखा येत नाही. एकाने कॅटेकॉल प्रमाण धरलं, दुसऱ्याने गॅलिक ॲसिड, तर त्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून उपयोग नाही.

आता परिणामांकडे. ओव्यातलं थायमॉल, हेही एक फिनॉलच, जंतू मारतं हे खरं आहे, पण डिस्क पद्धतीने (जंतूंच्या थरावर औषधाची चकती ठेवून भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजणं) ते मोजायला गेलात तर फसाल. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरमागे सुमारे एक ग्रॅम. आगारमधून, म्हणजे जंतू वाढवायच्या घट्ट थरातून, ते हळू पसरतं, त्यामुळे स्वच्छ वर्तुळ लहान दिसतं आणि पाण्यात सहज पसरणारं एखादं दुबळं औषध त्याच्यापुढे भारी ठरतं. वर्तुळाचा व्यास ताकद सांगत नाही. ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायचं पातळ माध्यम) पायरीपायरीने पातळ करत किमान रोधक प्रमाण, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, काढा. तिथेही एक गोम आहे: थायमॉल उडतं. एकाच प्लेटवर शेजारी ठेवलेल्या कंट्रोल खड्ड्यांत त्याची वाफ पोचते आणि तिथलेही जंतू वाढत नाहीत. कंट्रोलसाठी वेगळी प्लेट घ्या, वरून सील लावा. अर्क अल्कोहोलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये केला असेल तर नुसत्या त्या द्रावकाचा कंट्रोल तेवढ्याच प्रमाणात हवाच. आणि फिनॉलिक आम्लांच्या बाबतीत माध्यमाचा पीएच मोजून लिहा, कारण कधीकधी जंतू केवळ आंबटपणाने थांबलेले असतात. पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्याने जंतू मरतात हे माहीत आहे असा तुलनेचा नमुना) म्हणून दुकानातलं पांढरं फिनेल आणणं बंद करा. त्यात मुख्यतः पाइन तेल असतं.

पेशींवरच्या प्रयोगात याहून वाईट घोटाळा होतो आणि तो मोठमोठ्या प्रबंधांतही सापडतो. गॅलिक ॲसिड, कॅटेकॉल यांसारखी शेजारीशेजारी हायड्रॉक्सिल असलेली फिनॉलं पेशी वाढवण्याच्या माध्यमात हवेतल्या ऑक्सिजनशी आपोआप अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने, आणि लिहिलं जातं 'गॅलिक ॲसिडने कर्करोगाच्या पेशी मारल्या'. हे वाचून एखादा रुग्ण औषध सोडून काढा घेऊ लागला तर? पेशींशिवाय नुसत्या माध्यमात नमुना घालून पेरॉक्साइड मोजा. पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज एन्झाइम घालून प्रयोग पुन्हा करा. कॅटलेजने परिणाम नाहीसा झाला, तर तो परिणाम माध्यमातल्या पेरॉक्साइडचा होता. डीपीपीएच चाचणीतही (जांभळा रंग किती उडतो यावरून अँटिऑक्सिडंट क्षमता मोजतात) गुळाचा स्वतःचा तपकिरी रंग ५१७ नॅनोमीटरवर थोडा शोषतो. नमुन्याचा वेगळा ब्लँक (डीपीपीएच न घातलेला नमुना) न लावल्यास आकडा चुकतो.

चाचणीनळीतला अँटिऑक्सिडंट आकडा थेट माणसाच्या तब्येतीला लावणं ही चूक सर्वांत जास्त पसरलेली आहे, गुळाच्या पाकिटांवरही ती छापून येते. खाल्लेली फिनॉलं आतड्यात आणि यकृतात ग्लुकुरोनिक ॲसिड आणि सल्फेटला जोडली जातात. रक्तात मूळ रेणू फार थोडा पोचतो, प्रयोगाच्या बशीत ओततो त्यापेक्षा कितीतरी कमी. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, ती याच कारणाने: त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामांशी संबंध लागत नव्हता.

घटप्रभा किंवा हिरण्यकेशी नदीच्या पाण्यात फिनॉल शोधणाऱ्यांसाठी थोडक्यात. ४-अमिनोअँटिपायरिन या रसायनाने रंग आणून फिनॉल मोजायची पद्धत पॅरा-क्रेसॉलसारखी, पॅरा जागेवर अल्किल गट असलेली फिनॉलं पकडत नाही, म्हणून 'फिनॉल आढळले नाही' असं मोघम लिहू नका. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० ची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. थेट रंग मोजण्याची पद्धत तिथवर पोचत नाही, रंग आधी क्लोरोफॉर्ममध्ये उतरवून घ्यावा लागतो. नमुना काचेच्या बाटलीत घ्या, लगेच आम्ल घालून पीएच दोनच्या खाली आणा आणि थंड ठेवा. नाहीतर बसमधून लॅबपर्यंत येईतो जंतू त्यातलं फिनॉल खाऊन टाकतात.

शेवटी खुद्द फिनॉल, म्हणजे या कुटुंबातलं सर्वांत साधं संयुग, हाताळण्याबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतोय. हेच कार्बॉलिक ॲसिड शल्यविशारद लिस्टरने १८६५ मध्ये ग्लासगोत जखमांवर वापरलं, त्यामुळे ते निरुपद्रवी असल्यासारखी मुलं वागतात. त्याचे स्फटिक सुमारे ४१ अंशांना वितळतात. बाटली बर्नरवर नको, कोमट पाण्यात धरा. कातडीवर पडलं तर जागा पांढरी पडते आणि बधिर होते, त्यामुळे भाजल्याचं कळतच नाही, आणि तोवर ते रक्तात शिरायला लागतं. ओल्या फडक्याने पुसणं घातक आहे, थोड्या पाण्याने ते पसरतं आणि जास्त आत जातं. कपडे लगेच काढा, पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३०० किंवा ४०० ने पुन्हा पुन्हा पुसा. ते नसेल तर शॉवरखाली भरपूर पाण्याने धुवा आणि दुखत नसलं तरी दवाखाना गाठा. ग्लायकॉलची बाटली फिनॉलच्याच कपाटाजवळ असू द्या, आणि ती कुठे आहे हे प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येकाला दाखवा.