घटस्थापनेला टाकी भरा, मासे तुळशीच्या लग्नानंतर: खान्देशासाठी ॲक्वापोनिक्स सल्ला

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी खडीच्या वाफ्यात फिरवून त्यावर भाजी वाढवणे. अशी नवीन टाकी चालू करायला खान्देशात पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस सर्वांत सोयीचे. पाणी २५ ते ३० अंशांवर असते आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू याच तापमानात झपाट्याने वाढतात. मासे सोडण्याआधी हे जिवाणू टाकीत पुरेसे वाढवून घ्यायचे असतात, आणि त्याला सहसा ५ ते ६ आठवडे लागतात. घटस्थापनेला सुरुवात केली तर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मासे सोडता येतात. दिवाळीनंतर सुरू केले तर डिसेंबरची थंडी आडवी येते. पाणी १७-१८ अंशांखाली गेले की जिवाणू सुस्तावतात आणि तेच काम लांबत जाते.

पुढची मापे १००० लिटर पाणी आणि ३० सेंमी खोल खडीचे दोन वाफे धरून दिली आहेत. दोन्ही वाफे मिळून क्षेत्र दीड चौरस मीटर.

खडी २० मिमीची काळ्या दगडाची घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कारण क्रशरची भुकटी पंपात आणि माशांच्या कल्ल्यांत अडकते. मूठभर खडीवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच कायम चढा ठेवील. पंप तासाला सगळी टाकी एकदा फिरवेल असा हवा, आणि तोही वाफ्याच्या उंचीवर मोजून, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून नव्हे. कूलरचा पंप तात्पुरता चालतो, मात्र मीटरजवळ ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. जुनी चौकोनी केमिकलची टाकी घेताना आत आधी काय होते याची खात्री नसेल तर ती सोडून द्या.

नळाच्या पाण्यात टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) क्लोरीन असतो. उघड्या टाकीत हवेचा पंप लावून २४ ते ४८ तास ठेवले की तो उडून जातो. बोअरच्या पाण्याला ही अडचण नाही, पण ते बहुतेक ठिकाणी जड असते. केळीच्या ठिबकच्या ड्रीपरवर चढणारा पांढरा थर हा त्याचाच. पीएच ८ च्या आसपास दिसला की अनेक जण पहिल्याच दिवशी ॲसिडची बाटली काढतात, आणि इथेच पहिली चूक होते.

त्या पाण्यातले बायकार्बोनेट ही जिवाणूंची शिदोरी आहे. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). टाकीत मासे नसताना ७.५ ते ८ हा पीएच जिवाणूंना मानवतो. म्हणून हे पाच-सहा आठवडे ॲसिडला हात लावू नका. लिंबू, चिंच, सायट्रिक ॲसिडही नको. ते इतर जिवाणू खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा होता तिथे येतो.

आता अमोनिया. टाकीत मासे नसल्याने जिवाणूंचे हे खाद्य आपणच द्यायचे. घरात युरियाची गोणी असतेच, पण २०१५ पासून देशातला बहुतेक शेतीचा युरिया निमकोटेड आहे आणि ते कोटिंग नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होणे, मंदावते. टाकीत आपल्याला नेमके नायट्रिफिकेशन हवे, म्हणून तो युरिया इथे चालत नाही. शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणा. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. १००० लिटरला साधारण ८ ग्रॅम बादलीत विरघळवून टाकले की अमोनिया-नायट्रोजन २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. चालू टाकीच्या फिल्टरमधला मूठभर स्पंज किंवा खडी वाफ्यात पुरली तर सुरुवातीचा आठवडा-दीड आठवडा वाचतो. मात्र तिथले मासे आजारी नाहीत ना, ते आधी विचारा.

थेंबांचा टेस्ट किट घ्या, पट्ट्या ढोबळ दाखवतात. अमोनिया, नायट्राइट (अमोनियाचे नायट्रेट होतानाची मधली पायरी) आणि पीएच रोज एकाच वेळी मोजा. टाकीत शेवाळ असेल तर सकाळचा आणि दुपारचा पीएच वेगळा येतो, म्हणून टाकीवर ऊन पडू देऊ नका. अमोनिया अर्ध्या पीपीएमवर आला की पुन्हा पहिल्याइतकाच डोस. ५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका, नायट्राइट खाणारे जिवाणू दबतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट किटचा रंग गडद करील आणि बरेच दिवस हलणार नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळून मासे सोडतात. तसे करू नका. पाच पीपीएमच्या पुढे गेला तर अर्धे पाणी बदला आणि डोस थांबवा. २ पीपीएमचा डोस टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट वाढलेला, असे सलग दोन-तीन दिवस दिसले की टाकी तयार. पहिला डोस जिरू लागला की वाफ्यात पालक किंवा मेथी टाकायला हरकत नाही.

मासे सोडताना पीएचकडे बघायला हवे, कारण त्यावर अमोनियाचे विष ठरते. ३० अंशांवर एकूण अमोनियातला विषारी भाग पीएच ७ ला एक टक्क्याहून कमी, तर ८ ला साडेसात टक्क्यांच्या घरात असतो. म्हणून जड पाण्याच्या टाकीत आरंभी १२-१५ बोटुकलीच सोडा. रोहू किंवा कोई सोपे. थाई मांगूर बंदी असलेला आहे आणि तिलापियाला परवाना लागतो. दीड चौरस मीटर पालेभाजीला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम खाद्य हे अंतिम उद्दिष्ट धरा, पण तिथे महिन्या-दीड महिन्यात हळूहळू पोचा. अमोनिया १ पीपीएमच्या वर गेला की खाद्य बंद. नायट्राइट चढून कल्ले तपकिरी दिसले तर १००० लिटरला १ किलो खडे मीठ टाका, त्यातला क्लोराइड नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही.

दिवसाला ६० ग्रॅम खाद्य जाऊ लागले की क्षारता रोज १०-१५ पीपीएमने खाल्ली जाते. भरपाईचे बोअरचे पाणी त्यातले काही परत देते, पण एकंदरीत पीएच खाली सरकतो आणि शिदोरी संपली की एकदम कोसळतो. ६.५ खाली आला तर पोटॅशियम बायकार्बोनेट २० ग्रॅम विरघळवून टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. इथल्या पाण्यात कॅल्शियम मुबलक असतो, चुन्याची गरज फारशी पडत नाही. खाद्यात पोटॅश कमी असतो, त्यामुळे हेच औषध झाडांनाही लागते.

याउलट दोन-तीन महिन्यांतही पीएच ७.५ च्या खाली येत नसेल, तर भरपाईला निम्मे पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी वापरा. आरओचे बाहेर फेकलेले पाणी नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ॲसिड लागलेच तर फक्त भरपाईच्या वेगळ्या पिंपात, आणि ॲसिड पाण्यात टाका, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. रात्रभर हवा देऊन सकाळी मोजा, कारण सुरुवातीचा आकडा फसवा असतो. ठिबक धुण्यासाठी घरात असलेल्या फॉस्फोरिक ॲसिडवर सगळे काम काढले तर फॉस्फरस साठून लोह तळाशी बसते आणि झाडांना मिळत नाही.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. चढ्या पीएचला ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे ६ टक्क्यांचे ३० ग्रॅम तीन आठवड्यांतून एकदा द्या. पाणी लालसर होईल, माशांना त्याने काही होत नाही.

फवारणीच्या पंपाची बादली, मग किंवा नळी या टाकीत कधीच बुडवू नका. कपाशीच्या फवारणीतले सिंथेटिक पायरेथ्रॉइड थेंबभर गेले तरी मासे मरतात, आणि शेजारच्या शेतात फवारा चालू असेल त्या दिवशी टाकी झाकून ठेवा. लाइट गेली तर हवा बंद पडते, म्हणून बॅटरीवरचा छोटा एअर पंप मासे सोडायच्या आधीच जोडून, एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून तपासा.