स्टेजचं चित्र काढण्याआधी हॉलचं दार मोजा

इव्हेंटच्या स्टेज डिझाइनमध्ये यायचं म्हणणारी मुलंमुली मला बहुतेक वेळा सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. स्केचअप शिकू की थ्रीडीएस मॅक्स? स्केचअप लवकर हाताखाली येतं, त्यानं सुरुवात करा. सुतारासाठी मापांचं ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये काढता आलं तर फारच उत्तम. पण पुण्यात इतकी वर्षं कंपन्यांचे कार्यक्रम आणि लग्नं अशी दोन्ही कामं केल्यावर माझं मत पक्कं झालंय की आधी ३० मीटरची टेप घ्यावी, लॅपटॉप नंतर.

जागा बघायला जाण्याला या धंद्यात रेकी म्हणतात. तिथे हॉल किती सुंदर आहे हे बघायचं नसतं. सामान कुठून आत येणार ते बघायचं. ट्रक कुठपर्यंत येतो, तिथून हॉलपर्यंत किती पायऱ्या, दाराची रुंदी आणि उंची किती, सामानाची लिफ्ट आतून किती लांब. प्लायवूडचा पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांचा असतो. लिफ्ट आतून ७ फुटांची असेल तर तुमचा एकही फ्लॅट (चौकटीवर प्लाय ठोकून केलेला सपाट पडदा) अखंड वर जाणार नाही, म्हणजे अख्ख्या बॅकड्रॉपचे जोड कुठे येतील हे ती लिफ्ट ठरवते. मग ते जोड लपवायचे की त्यांचंच नक्षीत रूपांतर करायचं, हा झाला डिझाइनचा प्रश्न. छताची उंची झुंबराच्या खालून मोजा, कारण हॉलवाले सांगतात ती उंची बरेचदा झुंबराच्या वरची असते. खांब, एसीचा झोत, स्प्रिंकलर, स्मोक डिटेक्टर आणि थ्री फेज वीज कुठून मिळणार, हे सगळं त्याच फेरीत वहीत उतरवायचं.

दुसरं माप वेळेचं. रात्री ११ला हॉल ताब्यात आणि सकाळी ९ला कॉन्फरन्स, किंवा दुपारी लग्न आणि सात वाजता त्याच हॉलमध्ये रिसेप्शन, हे रोजचंच आहे. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत साडेतीन वाजतात, म्हणजे हातात उरतात तीन-साडेतीन तास. एवढ्यात नवं स्टेज उभं राहत नाही, त्याचा चेहराच फक्त बदलता येतो. म्हणून मागची फ्रेम एकच ठेवायची, सकाळची फुलं सुट्या पॅनेलवर बांधायची, संध्याकाळचे फ्लॅट वर्कशॉपमध्ये रंगवून, क्रमांक घालून आणायचे आणि लायटिंग दोन्ही कार्यक्रमांचा विचार करून पहाटेच टांगून ठेवायचं. कॉलेजात एकांकिका स्पर्धांना बॅकस्टेज केलेली मुलं इथे पटकन रुळतात. अंधारात, मोजक्या मिनिटांत, कुठला फ्लॅट कुणाच्या हातात हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पुण्यात असाल तर पुरुषोत्तम करंडकाच्या काळात एखाद्या संघाचं नेपथ्य उचलायला जा.

लग्नाचं स्टेज हे आधी विधींची जागा आहे, फोटोची जागा नंतर. बोहल्यावर वधूवर, अंतरपाट धरणारे दोघे, मामा, करवल्या, गुरुजी, दोन्हीकडचे आईवडील, शिवाय फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला असतात. कागदावर ऐसपैस वाटणारं १६ बाय १२ फुटांचं लेव्हल, म्हणजे उंच चौथरा, मंगलाष्टकांना चेंगरतं. २४ बाय १६ मिळालं तर सप्तपदीला मोकळी जागा राहते. होमाच्या वर आणि आजूबाजूला कापड किंवा कृत्रिम फुलं नकोत, खाली पत्र्याचा ट्रे हवाच. हॉल बंदिस्त असेल तर धुराबद्दल हॉटेलच्या इंजिनिअरिंग विभागाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. पायऱ्यांकडे मी फार बारकाईनं बघते. ६ इंच उंची आणि फूटभर रुंदी, एका बाजूला भक्कम कठडा. नऊवारीतली नवरी आणि गुडघे दुखणाऱ्या आजी, दोघींनाही कुणाचा हात न धरता वर जाता आलं पाहिजे. रिसेप्शनला चढायची आणि उतरायची वाट वेगळी ठेवलीत की रांग आपोआप सरकते.

कॉर्पोरेट कामात सगळं स्क्रीनभोवती फिरतं, आणि नवे लोक तिथेच गणितात अडकतात. एलईडी वॉल म्हणजे मोठी स्क्रीन, ती कॅबिनेट नावाचे चौकोनी तुकडे जोडून बनते. सध्या सर्रास मिळणारं कॅबिनेट ५०० बाय ५०० मिलिमीटरचं. आडवी १६ आणि उभी ९ लावलीत तर ८ मीटर बाय साडेचार मीटरची, नेमकी १६:९ प्रमाणाची भिंत मिळते आणि क्लायंटचं प्रेझेंटेशन तिच्यावर चपखल बसतं. आडवी १२ आणि उभी ६ लावलीत तर प्रमाण होतं २:१. मग तेच प्रेझेंटेशन बाजूला काळ्या पट्ट्या सोडतं, नाहीतर वरखाली कापलं जातं. पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं मिलिमीटरमधलं अंतर. ३.९ पिचच्या कॅबिनेटमध्ये एका बाजूला १२८ पिक्सेल असतात, म्हणजे या दुसऱ्या भिंतीची फाइल १५३६ बाय ७६८ची लागेल. हा आकडा व्हिडिओ बनवणाऱ्यांना डिझाइन मंजूर झालं त्याच दिवशी कळवा. पिच जितक्या मिलिमीटरचा, साधारण तितके मीटर तरी पहिली रांग लांब हवी. स्क्रीनची खालची कड जमिनीपासून किमान ५ फुटांवर घ्या, कारण बसलेल्या माणसाचे डोळे ४ फुटांच्या आसपास असतात आणि पुढच्याचं डोकं त्याहून वर. आणि वक्त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड विसरू नका. मागे झगझगीत स्क्रीन आणि पुढे अंधारा चेहरा असेल तर लाखोंचा सेट असूनही प्रेक्षकाला माणूस दिसत नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवायला सांगणं हे डिझायनरचंच काम आहे.

लॉनवरचं काम मला अजूनही सगळ्यात जास्त काळजीत टाकतं. फ्लेक्स ताणलेली फ्रेम म्हणजे शीडच. २० बाय १२ फुटांच्या बॅकड्रॉपवर ताशी ५० किलोमीटरचा वारा अडीचशे किलोच्या वर रेटा देतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस, हे आपल्याकडचं ठरलेलं. म्हणून मागून तिरके टेकू, पायाशी पुरेसं वजन आणि जाळीदार किंवा सुटं डिझाइन. क्लायंटला एकसंध भिंतच हवी असेल तर मी लॉनवर ते काम घेत नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरला होर्डिंग कोसळलं तेव्हा १७ माणसं गेली. आपलं स्टेज त्यापुढे लहान असतं, पण त्याखाली नवरी उभी असते.

सुरक्षेच्या कागदांनाही असंच गंभीरपणे घ्या. तात्पुरत्या मंडपांच्या आगीपासून बचावासाठी भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. एकदा नीट वाचून काढा. बाहेर पडायचं दार आणि त्यावरची पाटी ड्रेपिंगखाली, म्हणजे सजावटीच्या कापडाखाली, झाकू नका, भिंत कितीही कुरूप असली तरी. ट्रसवर (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर) चढणाऱ्याला हार्नेस, जनरेटरला अर्थिंग, स्टेजच्या विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. यावर घासाघीस करणाऱ्या व्हेंडरबरोबर पुन्हा काम करू नका. उघड्यावरचा लाउडस्पीकर साधारणपणे रात्री १०ला बंद करावा लागतो, त्यामुळे मुख्य क्षण त्याआधी येईल असं वेळापत्रक आयोजकाकडून लिहून घ्या.

सामानाबद्दल थोडंसं. २०१८च्या बंदीनंतर थर्माकोलची कोरीव कमान महाराष्ट्रात इतिहासजमा झाली. तिची जागा सनबोर्डनं घेतली, पण तोही शेवटी प्लास्टिकच. मी एमडीएफची जाळी आणि छापील कापड पसंत करते, कारण रंग बदलून ते पुन्हा वापरता येतं. फुलं चित्रावरून ठरवू नका, पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा दादरच्या फूलबाजारात जाऊन ठरवा. दसऱ्याला झेंडू चढतो, फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या तोंडावर मावळचा गुलाब महागतो. मेच्या दुपारी उघड्यावर गुलाब माना टाकतात, झेंडू मात्र तग धरतो.

शिक्षणासाठी अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) एक्झिबिशन डिझाइन आहे, दिल्लीच्या एनएसडीत (राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) रंगमंचाचं शिक्षण मिळतं, मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहेच. तिथे प्रवेश मिळाला तर सोनं करा. नाही मिळाला तर एखाद्या मंडप डेकोरेटरकडे एक लग्नसराई काढा. बंगालचे कारागीर घोड्यावर (उंच लाकडी तिवईवर) उभं राहून कापडाच्या चुण्या कशा घालतात, सुतार माप कसं वाचतो, हे पुस्तकात मिळत नाही. मुलींना मुद्दाम सांगते : काम रात्रीचं असतं, तेव्हा परतीची गाडी आणि साइटवरचं स्वच्छतागृह हे काम स्वीकारतानाच विचारा. मी आजही विचारते.

पैशाचं सुरुवातीलाच स्पष्ट करा. डिझाइनची फी वेगळी आणि आधी घ्या, नाहीतर तुमचं रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेलं स्टेजचं चित्र) दुसऱ्याच व्हेंडरकडून स्वस्तात उभं राहिलेलं दिसेल. किती वेळा बदल करून देणार हेही लिहा. इव्हेंटच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक होते. क्वोटेशनमध्ये सेट उतरवायचा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवा : रात्रीची मजुरी, टेम्पो, कचरा उचलणं, हॉलचं डिपॉझिट. ती ओळ नसली की कार्यक्रम संपल्यावर रात्री दीड वाजता त्यावर वाद होतो, आणि तेव्हा पैसे कापले जातात ते मजुरांचे.