शेजारच्या यंत्रांच्या सततच्या आवाजावर उपाय कसा करावा

जिन्याखालच्या पाण्याच्या पंपाची धडधड, डक्टमध्ये टांगलेल्या एसीच्या आउटडोअर युनिटची घरघर किंवा रस्त्याकडेच्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) गुणगुण हे आवाज मिरवणुकीतल्या डीजेसारखे कानठळ्या बसवणारे नसतात, आणि म्हणूनच त्यांची तक्रार सहसा कोणी मनावर घेत नाही. मात्र मिरवणूक पुढे निघून जाते, पंप रोज पहाटे सुरू होतो. ज्याच्या उशाशी हा आवाज येतो त्याची झोप बिघडते, चिडचिड वाढते आणि हळूहळू शेजारसंबंधही बिघडतात. असा आवाज बहुतेक वेळा यंत्रातल्या किंवा ते बसवण्याच्या पद्धतीतल्या एखाद्या दोषामुळे येतो, आणि तो दोष नेमका दाखवता आला तर दुरुस्ती करून घेणे पुष्कळ सोपे जाते. “फार आवाज येतो” या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. “पंपाच्या पाइपचा पहिल्या मजल्यावरचा क्लॅम्प थेट भिंतीत ठोकला आहे, तिथे रबर घालावे” असे सांगितले तर प्लंबर त्याच दिवशी कामाला लागू शकतो.

आधी स्वतःचे घर तपासावे

रात्री आवाज सुरू असताना घरातील मेन स्विच थोडा वेळ बंद करून पाहावा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन जाताच तो आपोआप चालू होतो आणि त्याचीच गुणगुण कानावर येऊन परीक्षा फसते. घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारख्या उपकरणावर अवलंबून असेल तर ही परीक्षा करू नये. आवाज थांबला, तर उगम घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत गेले की जुना स्टॅबिलायझर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, फ्रीजचा कॉम्प्रेसर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर यांपैकी दोषी कोण ते कळते. याउलट, गावी किंवा नातेवाइकांकडे गेल्यावरही तीच गुणगुण ऐकू येत असेल, तर शेजाऱ्याचे दार ठोठावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत.

यंत्र ओळखावे आणि आवाजाची वाटही

प्रत्येक यंत्राच्या आवाजाची स्वतःची खूण असते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि रोहित्राचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा अतिसूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, त्यामुळे त्याची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झची (सेकंदाला १०० कंपनांची), एकसुरी आणि दिवसरात्र चालणारी असते. त्यात खडखड मिसळली असेल तर एखादा बोल्ट किंवा पत्रा ढिला झाल्याची शक्यता असते. इमारतींतल्या बहुतेक पंपांची मोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे फिरते. तिचा आवाज ठरावीक वेळी सुरू होतो आणि टाकी भरली की थांबतो. थांबताना “धाड्” असा आवाज येत असेल तर पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटतो आहे, चालताना खरखर येत असेल तर बेअरिंग झिजले आहे, आणि आतून खडखडाट येत असेल तर पंप पाण्याबरोबर हवा ओढत असावा किंवा त्याला पुरेसे पाणी मिळत नसावे. एसीचा कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने बंद-चालू होतो. इन्व्हर्टर एसीचा वेग मात्र बदलत राहतो, आणि त्याच्या एखाद्या विशिष्ट वेगालाच ब्रॅकेट थरथरू लागते.

यंत्र कळले तरी काम अर्धेच झाले, कारण आवाज आपल्यापर्यंत हवेतून येतो की बांधकामातून, यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो. तंबोऱ्याची नुसती तार फारशी ऐकू येत नाही, भोपळ्यामुळे तिचा नाद खोली भरतो. इमारतीत पंपाच्या कंपनाचे तेच काम भिंती आणि स्लॅब करतात. म्हणून खिडकी आधी उघडून आणि मग घट्ट लावून ऐकावे. खिडकी लावल्यावर आवाज बराच कमी झाला तर तो हवेतून येतो. काहीच फरक पडला नाही तर तळहात भिंतीवर, कॉलमवर आणि बाथरूममधील पाण्याच्या पाइपवर टेकवून पाहावा आणि भिंतीला कान लावावा. जिथे थरथर सर्वांत स्पष्ट जाणवते, तिथून वाट आत शिरते. सर्वांत भक्कम पुरावा हवा असेल तर सेक्रेटरींच्या परवानगीने वॉचमनला पंपघरात उभे करावे, स्वतः शयनगृहात थांबावे आणि फोनवर बोलत पंप दोन-तीनदा बंद-चालू करायला सांगावे. बटण दाबताच आवाज जात-येत असेल तर वादाला जागाच राहत नाही.

मोबाइलवरील आवाज मोजणारी ॲप तुलनेसाठी उपयोगी आहेत, परंतु त्यांच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नये. नेहमीचे मोजमाप डीबी-ए या श्रेणीत होते आणि ही श्रेणी खालच्या पट्टीतला आवाज कमी धरते. त्यामुळे पडद्यावर ३५ डेसिबल दिसत असतानाही गुणगुणीने झोप लागत नाही, असे होऊ शकते. त्याला मनाचा खेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

नोंद ठेवावी

एका साध्या वहीत तारीख, आवाज सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, खोली, खिडकी उघडी की बंद, आणि आवाजाचे वर्णन लिहावे. एक-दोन आठवड्यांत त्यातून वेळापत्रक दिसू लागते आणि पुढे सोसायटीकडे गेल्यास हीच वही कामी येते. मोबाइलवर केलेल्या ध्वनिमुद्रणात खालच्या पट्टीतली घरघर नीट उमटत नाही. ते सोबत ठेवावे, पण वहीला पर्याय मानू नये.

तोवर झोप सांभाळावी

दुरुस्तीला दिवस लागतात आणि झोप थांबत नाही, म्हणून हा भाग नंतरसाठी ठेवू नये. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या दहा-अकरा फुटी खोलीएवढीच. अशा खोलीत हा आवाज सर्वत्र सारखा पसरत नाही. भिंतीलगत आणि विशेषतः कोपऱ्यात तो सर्वांत जोरात, तर भिंतीपासून सुमारे ८५ सेंटीमीटर, म्हणजे पावणेतीन फुटांवर बराच कमी असतो. आपण मात्र पलंगाचे डोके नेमके भिंतीला टेकवतो. पलंग पुढे ओढून, फिरवून किंवा एक रात्र उशी पायथ्याशी ठेवून पाहावे. पंपाचा मूळ स्वर आणखी खालचा असल्याने त्याचे अंतर वेगळे पडते, त्यामुळे आवाज सुरू असताना खोलीत हळूहळू चालत जाऊन सर्वांत शांत जागा शोधणे हीच खरी रीत आहे.

हवेतून येणाऱ्या आवाजासाठी स्लायडिंग खिडकीच्या फटींना रबराची पट्टी लावणे हा पहिला उपाय आहे, कारण फट राहिली तर जाड काचेचाही फारसा उपयोग होत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवून शेजारचा आवाज अडत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. कानातले बोळे वरच्या पट्टीतल्या आवाजावर चांगले चालतात, खालच्या घरघरीवर त्यांचा परिणाम कमी पडतो. पंख्याच्या संथ आवाजाने घरघर थोडी झाकली जाते.

शेजाऱ्यांशी बोलावे

आवाज सुरू असताना, रात्री, तणतणत दार ठोठावू नये. बहुतेकांना आपल्या यंत्राचा आवाज पलीकडे कसा ऐकू येतो याची कल्पनाच नसते, कारण त्यांच्या खोलीत तो येत नाही. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी निवांत भेटावे आणि त्यांनाच ऐकायला बोलवावे: “काका, तुमचा एसी नीट चालतोय, पण त्याची घरघर भिंतीतून आमच्या खोलीत येते. आज रात्री दहाच्या सुमारास दोन मिनिटं येऊन ऐकाल का? मेकॅनिकला बोलवायचं असेल तर मी थांबते.” एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस सहसा नाकारत नाही. रबर पॅडचा खर्च निम्मा उचलायची तयारी दाखवली तर गोष्ट लवकर मार्गी लागते, आणि माझ्या मते त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

कोणती दुरुस्ती मागावी

पंपाच्या बाबतीत चार जागा पाहायला सांगाव्यात. मोटर काँक्रीटच्या ओट्यावर थेट बोल्टने आवळली असेल तर खाली कंपनरोधक रबर पॅड किंवा स्प्रिंगचे माउंट हवेत. पंप आणि वर जाणारा पाइप यांच्यामध्ये रबराचा लवचीक जोड बसवला तर कंपन पाइपमध्ये शिरत नाही. पाइपच्या प्रत्येक क्लॅम्पखाली रबराची पट्टी असावी. पाइप ज्या भोकातून स्लॅबमध्ये किंवा भिंतीत शिरतो तिथे सिमेंट घट्ट भरलेले असेल, तर ते मोकळे करून लवचीक सीलंटने भरावे. हे सगळे नुकतेच केलेले असूनही आवाज असेल तर बेअरिंग बदलण्याची वेळ आली आहे. ही कामे वीज बंद करून जाणकार वायरमन-प्लंबरनेच करावीत.

वेळेचा प्रश्न मात्र रबराने सुटत नाही. पालिकेचे पाणी पहाटे येते म्हणून पंप पहाटे लावावा लागतो, असे अनेक सोसायट्यांत धरून चालतात. वास्तविक ते पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते. ती टाकी पुरेशी मोठी असेल तर पाणी गच्चीवर चढवणे सकाळी सातनंतरही करता येते. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला की ओसंडून वाहणारे पाणी, वाया जाणारी वीज आणि नाहक धडधड ही तिन्ही थांबतात.

एसीच्या आउटडोअर युनिटमध्ये सैल स्क्रू, वाकडे झालेले पाते, गंजलेले ब्रॅकेट आणि खिडकीच्या ग्रिलला टेकलेला तांब्याचा पाइप हे दोष नेहमीचे आहेत. शेवटचा दोष तर पाइपला फोमची गुंडाळी करून थोडा बाजूला घेतला की संपतो. युनिटच्या पायांखाली रबर घालूनही सामाईक भिंत घुमत असेल, तर ते गच्चीवर किंवा स्टँडवर हलवणे हाच खरा उपाय आहे.

घरघंटी आणि वॉशिंग मशीन सामाईक भिंतीपासून वितभर दूर, जाड रबरी मॅटवर ठेवावीत आणि रात्री लावू नयेत. नवीन वॉशिंग मशीन स्पिनच्या वेळी घरभर नाचत असेल तर मागचे, वाहतुकीपुरते लावलेले ट्रान्सिट बोल्ट काढायचे राहिले आहेत का, ते पाहावे. सोसायटीच्या जनरेटरची कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणारी पेटी, बंद असायला हवी. २००५ पासून बनलेल्या, १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला कॅनोपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि उकाड्यामुळे दारे उघडी ठेवली की ती पाळली जाणे अवघड होते.

रोहित्राला किंवा त्याच्या कुंपणाला कोणीही हात लावू नये. महावितरणच्या ग्राहकांनी १९१२ वर तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि उपविभागीय कार्यालयात ग्राहक क्रमांकासह लेखी अर्ज देऊन ढिले बोल्ट, पत्रे आणि तेलाची पातळी तपासण्याची मागणी करावी. मुंबईत बिलावर ज्या कंपनीचे नाव असेल तिच्याकडे अर्ज करावा.

सोसायटी आणि कायदा

यंत्र सोसायटीचे असेल, किंवा शेजारी ऐकत नसतील, तर व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्यावा. त्यात वहीतील वेळा, बंद-चालू परीक्षेचा निष्कर्ष आणि हवी असलेली दुरुस्ती लिहावी, पोच घ्यावी आणि अर्ज पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करावी. इतर सदस्यांना उपद्रव होईल असे वर्तन सदस्याने करू नये, ही अट आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) आहे, तिचा उल्लेख अवश्य करावा. समितीने दुर्लक्ष केले तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाता येते. दुरुस्तीविषयीचे वाद सहकार न्यायालयापुढे नेता येतात.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती १० किंवा अधिक डेसिबलने ओलांडली गेल्यास पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी अशा प्राधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. गच्चीवरचा मोठा कूलिंग टॉवर किंवा शेजारच्या दुकानाचा जनरेटर या नियमात सहज सापडू शकतो. भिंतीतून येणारी पंपाची घरघर मात्र या आकड्यांच्या बरीच खाली असते, त्यामुळे तिच्यासाठी सोसायटीचाच मार्ग धरणे शहाणपणाचे आहे. आवाजाचा त्रास साऱ्या वस्तीला होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात.

दुरुस्ती झाल्यावर त्याच खोलीत, त्याच वेळी, खिडकी तशीच ठेवून पुन्हा ऐकावे आणि फरक वहीत लिहावा. रबर पॅड काही वर्षांत कडक होतात आणि बेअरिंग पुन्हा झिजतात, म्हणून पंपाच्या वार्षिक देखभाल करारात या दोन्हींची तपासणी लिहून घ्यायला समितीला सांगावे.