पाण्यातल्या टोमॅटोला आधार: पाइपचा सांगाडा घरीच कसा बनवावा

मी घरात मातीशिवाय टोमॅटो वाढवते: खाली खत विरघळवलेल्या पाण्याची, म्हणजे पोषकद्रावणाची बादली, तिच्या झाकणात बसवलेली जाळीची कुंडी, कुंडीत भाजलेल्या मातीचे गोळे आणि त्यांत रोप. माझ्या पहिल्या चेरी टोमॅटोला मी बांबूची काठी थेट त्या जाळीच्या कुंडीत खोचली होती. झाड फूटभर होतं तोवर सगळं ठीक दिसलं. पुढे दीड महिन्यात ते कमरेएवढं झालं, हिरव्या फळांचे घोस लागले आणि एका रात्री काठी, कुंडी आणि झाड तिन्ही एकदम कलंडली. सकाळी पाहिलं तर बादलीच्या झाकणातून कुंडी अर्धी बाहेर आली होती आणि खालची पांढरी मुळं तुटून पाण्यावर तरंगत होती. काठीचा बुडलेला भाग बुळबुळीत झाला होता आणि त्याला वास येत होता. झाड आठवडाभर पिवळं पडत गेलं आणि शेवटी काढून टाकावं लागलं.

माझे मामा नारायणगावच्या बाजूला टोमॅटो लावतात. तिकडे सरीवर बांबू रोवतात, त्यांना तारा ताणतात आणि झाडं सुतळीने तारेला बांधतात. मी त्यांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, आमची काठी जमिनीत असते. तुझी काठी कशात होती?"

नेमकी तीच गोम आहे. पाण्यात वाढणारं मूळ फक्त पितं. मातीत ते झाडाला धरूनही ठेवतं, पण बादलीत त्याला धरायला काही नसतं. मूठ-दोन मूठ भाजलेल्या मातीच्या गोळ्यांवर चार-पाच फुटांचा वेल उभा राहू शकत नाही, आणि त्याच गोळ्यांत खोचलेली काठीही राहू शकत नाही. म्हणून आधाराचा कुंडीशी काही संबंध ठेवायचा नाही. त्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि झाडाला वरून धरावं. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिके यांनी पोषकद्रावणात टोमॅटोचे २५ फुटी वेल वाढवून दाखवले होते. मातीशिवाय झाडं वाढवायच्या या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव पुढे १९३७ मध्ये त्यांनीच रूढ केलं. इतक्या उंच वेलाचा भार मुळांवर सोडता येत नाही, आणि आपल्या पाच फुटांनाही तोच नियम लागू आहे.

आधी कोणाला आधार लागतो ते ठरवा. पालक, लेट्यूस, कोथिंबीर, पुदिना, तुळस यांना काहीच लागत नाही. टोमॅटोच्या बियांच्या पाकिटावर मर्यादित वाढीचा की अमर्याद वाढीचा ते पाहून घ्या. चेरी टोमॅटोचे बहुतेक वाण अमर्याद वाढतात, म्हणजे शेंडा जिवंत असेपर्यंत लांबतच राहतात. काकडी तर वेलच आहे. सिमला मिरची फार उंच होत नाही, पण तिच्या फांद्या ठिसूळ असतात आणि फळाच्या भाराने बेचक्यात फाटतात. या तिघांसाठी एकच सांगाडा चालतो.

सामान

हा सांगाडा २० लिटरच्या दोन बादल्यांसाठी आहे. हार्डवेअरच्या दुकानात प्लंबिंगचा पाऊण इंची यूपीव्हीसी पाइप मागा, १० फुटांचे दोन. वायरिंगचा पाइप स्वस्त पडतो, पण तो पातळ असतो आणि फळं लागली की मधोमध वाकतो. तो घेऊ नका. त्याच मापाचे दोन एल्बो (काटकोनी जोड), दोन टी (तीन तोंडांचे जोड), चार एंड कॅप (टोकाची झाकणं) आणि पाइप पकडायच्या चार क्लिपा घ्या. त्यांना दुकानात सॅडल किंवा क्लॅम्प म्हणतात. शिवाय ४० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १२ मिलिमीटर जाड प्लायचा तुकडा, त्याखाली लावायला रबरी बुचं, काही बारीक स्क्रू, पाइप चिकटवायच्या सोल्युशनची छोटी डबी, नायलॉनची बारीक दोरी आणि बोटाएवढ्या जाडीची तीन फुटी बांबूची काठी लागेल.

दोरी सुतळीची नको. शेतात सुतळी बरी, पीक निघालं की ती कुजून जाते. घरात बादलीशेजारी सतत दमट असतं, त्यामुळे झाडावर सगळ्यात जास्त ओझं येतं त्याच सुमारास ती कुजायला लागते. जस्ताचा मुलामा असलेली तार आणि तांब्याची तार पाण्यापासून लांबच ठेवा. द्रावणाचा सामू (पीएच) साधारण ५.५ ते ६.५, म्हणजे किंचित आम्ल असतो. त्यात जस्त आणि तांबं हळूहळू उतरतं. झाडाला दोन्ही लागतात, पण अगदी चिमूटभर. जास्त झालं की मुळांना इजा होते.

कापणी आणि जोडणी

पहिल्या पाइपचे दीडशे सेंटिमीटरचे दोन तुकडे करा. हे उभे खांब. दुसऱ्यातून ९० सेंटिमीटरचा एक तुकडा काढा, ती वरची आडवी दांडी. उरलेल्यातून २० सेंटिमीटरचे चार तुकडे कापा, ते पाय. राहिलेला तुकडा टाकू नका, काकडीला कामी येईल. कापायला हॅक्सॉ पुरते. कापायच्या जागी कागदाची पट्टी गोल गुंडाळून पेन्सिलने रेघ मारली की काप सरळ येतो. कापल्यावर कडेला राहिलेला कीस पॉलिश पेपरने काढून टाका, नाहीतर पाइप फिटिंगमध्ये नीट बसत नाही.

आता प्रत्येक टीच्या दोन आडव्या तोंडांत पाय बसवा, त्यांच्या टोकांना एंड कॅप लावा आणि वरच्या तोंडात खांब उभा करा. दोन्ही खांबांच्या डोक्यावर एल्बो आणि मध्ये आडवी दांडी. दांडी बसवायच्या आधी तिच्या पोटात ती बांबूची काठी सरकवा. नुसता पाइप भाराने मधोमध झुकतो, आत काठी असली की झुकत नाही. काठी कोरडी हवी, आणि तीही पाइपच्या आत बंद राहते, त्यामुळे कुजत नाही.

सगळं एकदा सोल्युशन न लावता जोडून पाहा. खांब एकमेकांना समांतर आहेत ना, पाय जमिनीला टेकतात ना, ते बघा. सोल्युशन लावल्यावर काही सेकंदांतच जोड धरतो, मग फिरवता येत नाही. मी सोल्युशन फक्त पायांच्या जोडांना लावते. खांब आणि दांडीच्या जोडांना फक्त एकेक स्क्रू मारते, म्हणजे घर बदलताना सांगाडा सुटा करून नेता येतो. हे काम गॅलरीत करा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि दिवसभर वास जाऊ दिल्यावरच सांगाडा आत आणा.

प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. कडा विसरू नका, पाणी तिथूनच आत शिरतं. रंग वाळला की खाली चार कोपऱ्यांत आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी रबरी बुचं लावा. प्लायच्या दोन्ही टोकांना सांगाड्याचे पाय ठेवा आणि सॅडलने स्क्रू मारून पक्के करा. दोन्ही बादल्या मध्ये, प्लायवर ठेवा.

सगळ्या बांधकामाचं बळ या प्लायमध्ये आहे. दोन भरलेल्या बादल्यांचं वजन जवळजवळ ४० किलो होतं, आणि ते वजन सांगाड्याचे पाय जमिनीशी दाबून ठेवतं. सांगाडा भिंतीला ठोकावा लागत नाही, भाड्याच्या घरात भोक पाडावं लागत नाही. पाणी मात्र अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. फळं वर वाढतात आणि वजन खाली कमी होतं, तेव्हा सगळं डोक्याकडून जड होतं. माणसाचा किंवा मांजराचा धक्काही मग पुरतो.

दोरी आणि बांधणी

इथे घाई करू नका. सांगाडा एका दुपारी होतो, पण झाड टिकतं ते बांधणीवर.

प्रत्येक झाडामागे साडेतीन मीटर दोरी घ्या. प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेच्या जुन्या हँगरमधून वीतभर तुकडा कापा आणि इंग्रजी एस अक्षरासारखा वाकवा. वरचा आकडा दांडीत अडकतो. जास्तीची दोरी खालच्या आकड्याभोवती गुंडाळून ठेवा. वेल दांडीपर्यंत पोचला की दोन गुंडाळ्या सोडायच्या, म्हणजे अख्खा वेल वीत-दीड वीत खाली येतो आणि शेंड्याला पुन्हा जागा मिळते. खालचा बिनपानांचा दांडा बादलीच्या झाकणावर अलगद वेटोळं करून निजवायचा. पॉलिहाऊसमध्ये लांब वेल असेच सांभाळतात.

दोरीचं खालचं टोक झाडाच्या सगळ्यात खालच्या दमदार पानाखाली बांधायचं. गाठ सरकणारी नको. सरकफास दर दिवशी थोडा आवळत जातो आणि महिन्याभरात दांड्यात रुततो. पक्की निरगाठ मारा आणि आत दोन बोटं सहज जातील एवढा मोठा फास ठेवा, कारण आज पेन्सिलीएवढा असलेला दांडा पुढे अंगठ्याएवढा होणार आहे. मग दोरी दांड्याभोवती वर न्या, दोन पानांमागे एक फेरा, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने. शेंडा मुरगाळून दोरीला गुंडाळू नका. दोरी शेंड्याभोवती फिरवा. फुलांच्या घोसाखालून दोरी घेऊ नका, फळं भरली की देठ त्यावर मोडतो.

हे काम दुपारनंतर करा. सकाळी दांड्यांत पाणी टच्च भरलेलं असतं आणि ते काडकन मोडतात. दुपारी ते थोडे मऊ पडलेले असतात आणि वाकतात. माझा एक उत्तम शेंडा सकाळी सातच्या घाईत गेला, तेव्हापासून मी सकाळी झाडाला हात लावत नाही.

पान आणि दांडा यांच्या बेचक्यात येणारे बगलफुटवे बोटभर असतानाच खुडा. एका दोरीवर एकच दांडा हवा. कुठे फांदी बाजूला लवली असेल तर जुन्या सुती टीशर्टची पट्टी घेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्या, एक वेटोळं दोरीभोवती आणि एक फांदीभोवती. मधला पीळ दोघांना घासू देत नाही.

या दोरीचा आणखी एक फायदा आहे. घरात मधमाशी येत नाही आणि वाराही नसतो. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग झडायला हलणं लागतं. फुलं उमललेली असताना रोज दुपारी आडव्या दांडीवर बोटांनी टिचक्या मारा. दोरी थरथरते, फुलं हलतात आणि पिवळी पूड झडते. मी हे सुरू केल्यावर गळणाऱ्या फुलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी कमी झाली.

काकडी आणि मिरची

काकडीला दोरीपेक्षा जाळी आवडते. वेलींसाठी मिळणारी नायलॉनची जाळी, चार ते सहा इंची भोकांची, आडव्या दांडीला बांधा. उरलेल्या पाइपचा ८५ सेंटिमीटरचा तुकडा जाळीच्या शेवटच्या भोकांतून ओवून खाली लोंबता सोडा. त्याच्या वजनाने जाळी ताणलेली राहते. ताणे जाळी आपणच पकडतात, तुम्ही फक्त शेंड्याला दिशा द्या. बियाणं घेताना पॉलिहाऊससाठीचा, परागीभवनाशिवाय फळ धरणारा वाण मागा, नाहीतर नर फूल तोडून मादी फुलाला लावत बसावं लागतं.

सिमला मिरचीला पहिलं बेचकं फुटलं की दोन जोमदार फांद्या ठेवा आणि दांडीवरून दोन दोऱ्या सोडून प्रत्येकीला एक द्या. वरून दोन्ही दोऱ्या थोड्या फाकवा, म्हणजे मधे उजेड पोचतो.

दिवा आणि वायर

रोपांच्या वाढीसाठी लावतात त्या दिव्याच्या (ग्रो लाइटच्या) नळ्या मी उभ्या खांबांना बांधते. नुसता वरून उजेड दिला तर वेलाची खालची पानं अंधारात राहतात. वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोल ठेवा. वायरीवरून पाणी ओघळलंच तर ते झोलाच्या तळाशी गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. बादलीतल्या पाण्यात हवा सोडणारा एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येत नाही. तो टांगायला सांगाड्याचा खांब बरा पडतो. झाकणात नळीसाठी पाडलेल्या भोकाभोवती फट राहिली तर काळी टेप लावा, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरलंच.

पीक संपल्यावर दोऱ्या आणि टीशर्टच्या पट्ट्या जपून ठेवायचा मोह होतो. त्या फेकून द्या. टोमॅटोचे काही विषाणू वाळलेल्या रसात बराच काळ तग धरतात आणि पुढच्या रोपाला लागतात. पाइप सुटे करा, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने पुसा, साध्या पाण्याने धुवा आणि वाळवा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. जोडांवर पर्मनंट मार्करने क, ख, ग लिहून ठेवा. माझा सांगाडा आता चौथ्यांदा उभा आहे आणि या वेळी जोडायला वीस मिनिटं लागली.