डीईएफ सांडलं, जुनं झालं, डिझेलमध्ये मिसळलं, तर काय करायचं?

निळ्या झाकणाच्या टाकीत जे भरतात त्याला ड्रायव्हर मंडळी सरसकट ‘युरिया’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. डीईएफ म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, डिझेल गाडीच्या धुरातले घातक वायू कमी करणारा द्रव. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. खताच्या गोणीतला युरिया नळाच्या पाण्यात ढवळून ते तयार होत नाही. खतावर निंबोळी तेलाचा थर असतो, नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं. डीईएफ फवारणारा इंजेक्टर तुंबतो, पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट निकामी होतो. शिवाय अनुदानाचं खत असं वळवणं हा गुन्हा आहे.

साठवताना आपल्याकडे खरा शत्रू ऊन. २५ अंशांखाली ठेवलं तर डीईएफ १८ महिने टिकतं, ३० अंशांना १२ महिने आणि ३५ अंशांना फक्त सहा. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला कॅन डब्यावरच्या तारखेवर विसंबून वापरू नका. कॅन सावलीत, जमिनीपासून उचलून, झाकण घट्ट लावून ठेवा. ओतायला प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टीलचंच भांडं हवं. पितळ, तांबं, गॅल्व्हनाइज्ड पत्रा डीईएफ खातं, आणि तो धातू उतरून टाकीत जातो. डिझेलचं नरसाळं तर मुळीच नको. कितीही पुसलं तरी त्यावर तेलाचा पातळ थर राहतो.

हाताला लागलं तर पाण्याने धुवा. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा, आणि तरी चुरचुरत असेल तर डॉक्टर गाठा. डीईएफ पेट घेत नाही, पण उन्हात तापलेला कॅन उघडला की अमोनियाचा भपकारा येतो, तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

सांडल्यावर मात्र घाई करायची. वाळलं की झाकणाभोवती, चॅसिसवर मीठ फुटावं तशी पांढरी पापुद्री जमते, आणि ती वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरली की तांबं खात बसते. गाडीवर उडालेलं लगेच कोमट पाण्याने पुसून काढा. जमिनीवर जास्त सांडलं असेल तर कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा, शोषून घेऊ द्या, फावड्याने बादलीत भरा आणि मग थोड्या पाण्याने पुसा. ते पुसल्याचं पाणी मोरीत, म्हणजे मलवाहिनीत सोडा. ब्लीचिंग पावडर किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) घालून फरशी उजळवू नका. युरियाशी त्यांचा संयोग होऊन विषारी वायू सुटतात.

आता पावसाळी गटार. कळंबोली असो वा घोडबंदर रोड, पाइप लावून तिकडे लोटून देण्याची सवय फार वाईट आहे. हे गटार शुद्धीकरण केंद्रात जात नाही, खाडीकडे जातं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोचा पट्टा २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पाण्यात युरियाचा अमोनिया होतो, तो माशांना मारक असतो; वर शेवाळ माजतं आणि प्राणवायू संपतो.

डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावी फिरवू नका. नुसता स्विच ऑन केला तरी डिझेलचा पंप ते पाणी इंजिनच्या इंजेक्टरपर्यंत ओढू शकतो. गाडी टो करून न्या, टाकी रिकामी करून धुऊन घ्या. उलट झालं, म्हणजे डिझेल निळ्या टाकीत गेलं, तरी गाडी चालू करू नका. पंप-फिल्टरच्या रबरी सीलना डिझेल चालत नाही, ते फुगतात. अशा दोन्ही मिश्रणांवर ‘डिझेलमिश्रित डीईएफ’ असं मोठ्या अक्षरांत लिहून झाकणबंद पिंपात वेगळं ठेवा. जुन्या ऑइलच्या पिंपात ओतलंत तर चांगलं ऑइलही पाणीमिश्रित होऊन बाद ठरतं. हा माल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या उचलणाऱ्यालाच द्या आणि पावती जपून ठेवा.

मुदत उलटलेलं पण काहीच न मिसळलेलं डीईएफ आधी विक्रेत्याला परत घेता येईल का ते विचारा. एखादा लिटर असेल तर ३५ लिटर पाण्यात पातळ करून (अंदाजे एक टक्का युरिया होतो) शोभेच्या झाडांच्या मातीत घालता येतं. भाजीपाल्यावर नको, आणि पावसाळ्यात नको, कारण सर आली की सगळं वाहून गटारात जाणार. गाडीच्या टाकीतून काढलेलं कधीच झाडाला घालू नका.

रिकामा २० लिटरचा कॅन तीनदा धुवा, लेबल फाडा आणि तळाला भोक पाडूनच भंगारात द्या. नाहीतर कुणीतरी त्यात प्यायचं पाणी भरतं, किंवा नकली डीईएफ भरून तो पुन्हा बाजारात येतो.